धूळशोषक पंख्याचा खर्च कोणाचा? : सामायिक कार्यशाळेतील आरोग्यदायित्वाचा इतिहास (शेफील्ड ते भारतीय कारखाने कायदा)

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात कापडगिरणी व कोळशाची खाण यांना जे स्थान मिळाले ते सामायिक कार्यशाळेला मिळालेले नाही. एका छपराखाली अनेक स्वतंत्र कारागीर भाड्याने जागा घेतात, एकाच चालकशक्तीवर आपापली यंत्रे फिरवतात, आणि प्रत्येकाचा माल, गिऱ्हाईक व हिशेब वेगळा असतो, अशी ही व्यवस्था होती. मुंबई-पुण्याच्या औद्योगिक वसाहतींतील 'गाळा' हा शब्द ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना तिचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. या व्यवस्थेत हवा तेवढी सर्वांची एकच असते. धूळ निर्माण करणारा एक, ती श्वासावाटे घेणारे दहा आणि जागेचे भाडे घेणारा तिसराच, अशी स्थिती असल्यावर ती धूळ बाहेर काढणाऱ्या साधनाचा खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न उद्भवतो. तो तांत्रिक नाही, तो मालकी व दायित्व यांचा आहे. सुतारकामाच्या सामायिक कार्यशाळेत धूळशोषक यंत्रणा बसविण्याचा विषय निघाला की आजही याच मुद्द्यावर चर्चा अडते. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा सर्वांत चांगला नोंदला गेलेला ऐतिहासिक दाखला, म्हणजे इंग्लंडमधील शेफील्ड येथील पाती घासणाऱ्या कारागिरांच्या कार्यशाळा, यांचा विचार केला आहे. त्यानंतर लाकडाच्या धुळीचा इतिहास व १९४८ च्या भारतीय कारखाने कायद्यातील एक फारसा चर्चिला न गेलेला अपवाद यांची त्याच्याशी सांगड घातली आहे.

पाणचक्कीकडून वाफेकडे

शेफील्ड हे सुऱ्या, कात्र्या, वस्तरे, काटे आणि करवती यांचे शहर. तेथील कटलर्स कंपनीची स्थापना १६२४ ची. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हलिन या नद्या-ओढ्यांच्या काठी शेकडो वर्षे पाण्यावर चालणारी घासणचाके होती. पोर्टर ओढ्यावरील 'शेफर्ड व्हील' हे त्यांपैकी एक आजही संग्रहालयाच्या रूपाने पाहावयास मिळते. पाणी आटले की काम थांबे, आणि कारागीर शेतीकडे किंवा अन्य कामाकडे वळत असे. खोल्या उघड्यावर, वाऱ्यावर होत्या. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाते घडविणे, घासणे व मूठ बसविणे ही कामे बऱ्याच अंशी एकच कारागीर करीत असे. पुढे घासणे हा स्वतंत्र धंदा झाला, आणि १७८६ मध्ये शेफील्डमध्ये वाफेवर चालणारे पहिले घासणचाक सुरू झाले.

या दोन बदलांचा एकत्रित परिणाम विलक्षण होता. वाफेला ऋतू नाही. त्यामुळे वर्षाचे बाराही महिने, दिवसाचे दहा-बारा तास एकाच माणसाने एकाच दगडापुढे बसणे शक्य झाले. इमारती नदीकाठ सोडून शहरात आल्या. अशा इमारतीला तेथील बोलीत 'व्हील' म्हणत, तिच्यातील प्रत्येक खोलीला 'हल', आणि खोलीत ज्या कुंडावर दगड फिरे त्या जागेला 'ट्रो'. ग्राइंडर घोड्याच्या खोगिरासारख्या लाकडी बैठकीवर पाय टाकून बसे व पुढे झुकून पाते दगडावर धरी. त्याचे तोंड ठिणग्यांपासून हातभर अंतरावर असे. मध्यवर्ती दांड्यावरून पट्ट्याने शक्ती मिळे, आणि या जागेचे व शक्तीचे भाडे तो स्वतः भरत असे.

ही भाड्याची बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. इमारतीचा मालक बहुधा कटलरीचा धंदा करीत नसे. तो केवळ जागा व वाफ विकत असे. पाती पुरविणारा उत्पादक कामाचे दर ठरवी, परंतु काम कोठे व कोणत्या हवेत होते याच्याशी त्याचा संबंध नसे. ज्या मोठ्या उत्पादकांची स्वतःची घासणघरे होती तेथेही मजुरीतून जागेचे भाडे कापून घेण्याची पद्धत होती. ग्राइंडर हा एकाच वेळी मजूर, भाडेकरू आणि कित्येकदा हाताखाली एक-दोन पोरे ठेवणारा छोटा मालकही असे. आपल्याकडील कारखानदारीच्या लेखनात मालक आणि कामगार अशी जी सरळ विभागणी केली जाते ती येथे लागू पडत नाही.

रोगाची गणती

घासण्याचे दोन प्रकार होते. ओल्या पद्धतीत दगड पाण्याच्या कुंडात फिरे, आणि कोरड्या पद्धतीत पाणी नसे. काटे, सुया इत्यादी वस्तू कोरड्या घासल्या जात. दगड वालुकाश्माचा, म्हणजे सिलिकायुक्त असे. ओल्या पद्धतीतही नवा दगड बसविल्यावर तो गोल करण्यासाठी त्यावर पोलादी कांब धरून जी छिलाई करावी लागे, तिच्यामुळे सारी खोली धुळीने भरून जाई. त्या दगडाशी काहीही संबंध नसलेल्या शेजाऱ्याच्या फुप्फुसातही ती धूळ जाई.

शेफील्डच्या रुग्णालयातील वैद्य डॉ. आर्नोल्ड नाइट यांनी १८३० च्या सुमारास या कारागिरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या नोंदीनुसार शहरात सुमारे २,५०० ग्राइंडर होते. त्यांपैकी काटे घासणारे सुमारे १५०, म्हणजे ८० पुरुष आणि ७० मुले, हे २८ ते ३२ या वयातच मरण पावत. वस्तरे घासणारे, जे ओली व कोरडी अशा दोन्ही पद्धती वापरत, ते ४० ते ४५ व्या वर्षी, आणि जेवणाच्या सुऱ्या ओल्या पद्धतीने घासणारे ४० ते ५० या वयात. फ्रीड्रिख एंगल्स यांनी इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवरील १८४५ च्या आपल्या ग्रंथात हेच आकडे उद्धृत केले व त्यांमुळे ते युरोपभर पोहोचले. त्यानंतर डॉ. जी. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये आणि डॉ. जे. सी. हॉल यांनी १८६० च्या दशकात या रोगाचे अधिक तपशिलाने वर्णन केले. लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'ग्राइंडरचा दमा' असे होते. तो दमा नव्हता. फुप्फुसे दगडी धुळीने घट्ट होत जाणारा तो रोग पुढे सिलिकोसिस या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि त्याच्या पाठोपाठ क्षय येत असे.

या आकड्यांकडे पाहताना एक सावधगिरी बाळगावयास हवी. मृत्यूच्या वेळचे सरासरी वय हे माप दिशाभूल करू शकते, कारण एखाद्या धंद्यात मुळातच तरुणांचा भरणा अधिक असेल तर तेथील मृतांचे सरासरी वयही कमी येते. काटे घासणाऱ्यांत जवळजवळ निम्मी मुले होती हे वरील आकड्यांवरूनच दिसते. तथापि धंद्या-धंद्यांतील जो फरक नाइट दाखवितात, कोरडे ते ओले अशी जी स्पष्ट उतरंड दिसते, ती केवळ या दोषाने समजावून सांगता येत नाही.

उपाय होता, खरेदीदार नव्हता

धुळीवर उपाय सापडला नव्हता असे म्हणता येणार नाही. शेफील्डचे जॉन हेन्री अब्राहम यांनी १८२० च्या दशकाच्या आरंभी लोहचुंबकांचे एक उपकरण तयार केले आणि लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांचा गौरव केला. या उपकरणातील चुंबक पोलादाचे कण अडवीत, दगडाचे नाही. खरा मारक घटक दगडातील सिलिका होता हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निश्चित झाले. त्यामुळे ग्राइंडरांनी हे उपकरण वापरले नाही याबद्दल त्यांना जो दोष दिला गेला तो आज थोडा अन्यायकारक वाटतो.

दुसरा उपाय मात्र तत्त्वतः अचूक होता. दगडावर लाकडी पेटीसारखे आच्छादन बसवावयाचे, त्यातून नळ काढावयाचा, सर्व नळ एका मोठ्या नळात मिळवावयाचे, त्याच्या टोकाला पंखा बसवावयाचा आणि तो त्याच मध्यवर्ती दांड्यावरून पट्ट्याने फिरवावयाचा. आजच्या सुतारी कारखान्यातील धूळशोषक यंत्रणा याच तत्त्वावर चालते. धूळ जेथे निर्माण होते तेथेच ती पकडावयाची, खोलीभर पसरू द्यावयाची नाही. साहित्य साधे होते, म्हणजे फळ्या, पत्रा आणि एक पट्टा. शक्ती तर इमारतीत आधीपासून होतीच.

मग अडचण कोठे होती? एक काल्पनिक उदाहरण घेतले तर ती स्पष्ट होईल. एका खोलीत आठ जण काम करतात असे समजा. एकाने स्वखर्चाने आपल्या दगडावर पेटी व पंखा बसवला तर त्याच्या दगडाची धूळ बाहेर जाईल, पण उरलेल्या सात दगडांची धूळ तो घेतच राहील. लाभाचा मोठा भाग शेजाऱ्यांना मिळेल, खर्च मात्र संपूर्ण त्याचा. सात जणांनी वर्गणी काढली आणि आठव्याने नकार दिला तर आठवा फुकट स्वच्छ हवा घेईल आणि स्वतःची धूळ इतरांना देत राहील. कोणी उद्या जागा सोडून दुसऱ्या घासणघरात गेला तर भिंतीला ठोकलेला नळ त्याला बरोबर नेता येणार नाही. इमारतीच्या मालकाने पंखा बसवावा तर त्याचे भाडे वाढविण्यास भाडेकरू तयार होणार नाहीत, शिवाय पंखा इंजिनची शक्ती खातो आणि तीच शक्ती तो विकत असतो. उत्पादकाला तर खोली कोणती हेही ठाऊक नसते. प्रत्येक पक्ष आपल्या जागी सुसंगत वागत होता, आणि परिणामतः पंखा बसत नव्हता.

जेथे तो बसला तेथेही प्रश्न संपला नाही. पट्टा तुटला, नळ तुंबला, तर दुरुस्ती कोणाची? १८६० च्या दशकातील वैद्यकीय व सरकारी पाहणीत पंखे असूनही ते बंद किंवा नादुरुस्त अवस्थेत आढळल्याच्या नोंदी येतात. उभारणीचा खर्च एकदाचा असतो, देखभालीचा रोजचा. देणगी, बक्षीस, लोकवर्गणी यांतून पहिला भागू शकतो, दुसरा नाही.

अनास्थेचा आरोप

समकालीन लेखकांचे लक्ष या व्यवस्थेपेक्षा ग्राइंडरच्या स्वभावाकडे अधिक होते. एंगल्ससुद्धा नमूद करतात की, काही ठिकाणी ग्राइंडरांनी असली साधने मोडून टाकली, कारण धंदा निर्धोक झाला तर त्यात अधिक माणसे शिरतील व मजुरी घसरेल अशी त्यांना भीती वाटे. आयुष्य थोडे असले तरी चालेल पण ते मौजेचे हवे, अशी वृत्ती त्यांना चिकटविण्यात आली. हे चित्र पुढे इतके रूढ झाले की शेफील्डवरील बहुतेक लेखनात ते आढळते.

या स्पष्टीकरणात तथ्याचा अंश नाही असे नाही. शिकाऊ मुलांच्या संख्येवर मर्यादा घालून मजुरी टिकविणे हे शेफील्डच्या कारागीर-संघटनांचे मुख्य धोरण होते आणि मृत्यू ही त्या मर्यादेची एक भयंकर पूरक बाब ठरत होती. परंतु सर्वाधिक मरणारे काटे घासणारे हे काही सर्वाधिक सुस्थितीतील कारागीर नव्हते, उलट या धंद्यातील दुर्बळांत त्यांची गणना होई. धोक्याची भरपाई मजुरीतून मिळत होती हा युक्तिवाद निदान त्यांच्या बाबतीत टिकत नाही. स्वभावदोषाचे स्पष्टीकरण सोयीचे होते हे मात्र खरे, कारण ते स्वीकारले की इमारतमालकाचे व उत्पादकाचे नाव घेण्याची गरज उरत नाही.

येथे एका विरोधाभासाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ग्राइंडर सामूहिक शिस्त लादण्यास असमर्थ होते असे मुळीच नाही. संघटनेची वर्गणी थकविणाऱ्याच्या यंत्राचा पट्टा रात्रीतून काढून नेण्याची पद्धत शेफील्डमध्ये सर्रास होती. तिला 'रॅटनिंग' म्हणत. पट्टा नाही तर काम नाही, आणि वर्गणी भरली की पट्टा परत. ऑक्टोबर १८६६ मध्ये एका करवत-ग्राइंडरच्या घरात स्फोट घडविण्यात आला. त्यातून १८६७ ची चौकशी उभी राहिली आणि करवत-ग्राइंडर संघटनेचे चिटणीस विल्यम ब्रॉडहेड यांनी अशा कृत्यांतील आपला सहभाग कबूल केला. इतिहासकारांनी या प्रकरणाचा विचार मुख्यतः कामगार-संघटना कायद्याच्या, म्हणजे १८७१ च्या कायद्याच्या, पूर्वपीठिकेच्या रूपाने केला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे. वर्गणी सक्तीने वसूल करण्याची यंत्रणा त्याच खोल्यांत, त्याच पट्ट्यांच्या साहाय्याने कार्यरत होती. ती मजुरीच्या दरांसाठी वापरली गेली. हवेसाठी नाही. मजुरीचा लाभ सभासदाला आठवड्याच्या अखेरीस हातात मिळतो. धुळीचा हिशेब दहा वर्षांनी लागतो, आणि तोपर्यंत ती खोली, ते शेजारी आणि तो मालक यांपैकी काहीही कायम राहिलेले नसते.

१८६७ ते १९०१ : दायित्वाचा प्रवास

बालकामगारांविषयीच्या आयोगाचे अहवाल १८६० च्या दशकात प्रसिद्ध झाल्यावर १८६७ च्या कारखाने विस्तार कायद्यात प्रथमच धुळीसाठी पंख्याची तरतूद आली. चाकावर घासणे, चकाकी देणे अशा कामांतून अपायकारक प्रमाणात धूळ श्वासावाटे जात असेल व पंख्याने ती बऱ्याच अंशी टाळता येण्यासारखी असेल, तर निरीक्षक तसे साधन बसविण्यास सांगू शकेल, असे तिचे स्वरूप होते. १८७८ च्या एकत्रित कायद्यात ही तरतूद कायम राहिली.

तथापि कायद्याची भाषा 'ऑक्युपायर' म्हणजे जागेचा प्रत्यक्ष वापर करणारा याला उद्देशून होती. सामायिक घासणघरात हा कोण? प्रत्येक ग्राइंडर आपापल्या कुंडापुरता. म्हणजे कायद्याने पुन्हा तोच भार, त्याच दुर्बळ पक्षावर, तितक्याच तुकड्यांत विभागून टाकला. निरीक्षकाने आठ जणांना आठ नोटिसा द्यावयाच्या आणि आठ जणांनी मिळून एक पंखा बसवावयाचा, असा हा प्रकार होता.

ही कोंडी फोडली ती १८९५ च्या कायद्याने. त्याने 'टेनेमेंट फॅक्टरी', मराठीत म्हणावयाचे तर गाळेवार कारखाना, अशी स्वतंत्र संज्ञा निर्माण केली. एकाच इमारतीच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या व्यक्ती उत्पादन करीत असून त्यांना यांत्रिक शक्ती पुरविली जात असेल तर तो गाळेवार कारखाना. अशा ठिकाणी अनेक बाबतींत वापरकर्त्याऐवजी इमारतीच्या मालकाला जबाबदार धरण्यात आले. १९०१ च्या कायद्यात ही कलमे अधिक व्यवस्थित रूपात आली, आणि कटलरी घासणाऱ्या गाळेवार कारखान्यांसाठी वेगळे नियम परिशिष्टात दिले गेले. प्रत्येक खोली आणि इंजिनघर यांच्यात तत्काळ संदेश पोहोचविण्याची सोय असावी, हा त्यांपैकी एक. पंख्याविषयी १९०१ च्या कायद्याने केलेली विभागणी तर मुळातून पाहण्यासारखी आहे. पंखा पुरविण्याची जबाबदारी मालकाची, परंतु पंख्याच्या कामासाठी लागणारे नळ व तत्सम जोडण्या यांचा पुरवठा मात्र त्यातून वगळलेला. सामायिक ते मालकाने द्यावयाचे, प्रत्येकाच्या यंत्रापाशी लागणारे ज्याचे त्याने करावयाचे. साठ-सत्तर वर्षे ज्या प्रश्नाने शहर अडविले होते त्याचे हे उत्तर कायद्याच्या दीड-दोन ओळींत आलेले आहे.

मालक हा खर्च भाड्यात चढवीत असणार हे उघड आहे. म्हणजे अंतिमतः पैसा ग्राइंडरच्याच खिशातून जाणार. तरीही फरक पडतो, कारण भाड्याच्या रूपाने तो सर्वांकडून समान व सक्तीने वसूल होतो, आठव्या माणसाला नकार देता येत नाही, आणि निरीक्षकाला नोटीस देण्यासाठी एकच दार ठोठवावे लागते.

पुढील काळात १९०९ चे धातू घासण्यासंबंधीचे नियम आले व १९२५ मध्ये त्यांत आणखी भर पडली. तथापि रोग मागे हटण्याचे सारे श्रेय पंख्याला वा कायद्याला देता येणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर नैसर्गिक वालुकाश्माच्या जागी कार्बोरंडमसारख्या कृत्रिम अपघर्षकांची चाके झपाट्याने आली. धुळीतील सिलिका मुळातूनच कमी झाली. हे स्थित्यंतर मुख्यतः उत्पादनाच्या वेगासाठी झाले होते, आरोग्यासाठी नव्हे.

लाकडाची धूळ

लाकडाच्या बाबतीत इतिहास वेगळ्या वाटेने गेला. करवत, रंधा व थिकनेसर यांतून निघणारा भुसा इतका अवजड असतो की तो हटविल्याशिवाय यंत्र चालूच शकत नाही. त्यामुळे मोठ्या लाकूड कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भुसा खेचून नेणारे नळ व चक्रावर्ती विलगक बसू लागले, तेही आरोग्याचा विचार न होता. खेचलेला भुसा बॉयलरमध्ये जळण म्हणून जाई. पंखा स्वतःचा खर्च काही अंशी भरून काढत असे. छोट्या कारागिराला ही सोय नव्हती. लंडनच्या ईस्ट एंडमधील कर्टन रोड परिसरातील फर्निचरचे छोटे कारागीर लाकूड वाफेच्या करवतगिरणीत नेऊन कापून घेत. बारीक धूळ करणारे काम, म्हणजे घासून गुळगुळीत करण्याचे, त्यांच्या स्वतःच्या खोलीतच होई. ब्रिटनच्या १९२२ च्या लाकूडकाम यंत्र नियमांचा रोख मुख्यतः बोटे कापली जाऊ नयेत यावर होता.

लाकडाची धूळ ही उपद्रवी पण निरुपद्रवी अशी समजूत १९६० च्या दशकात मोडली. बकिंगहॅमशायरमधील हाय विकम हे खुर्च्यांचे शहर. तेथील कान-नाक-घसा शल्यचिकित्सक एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले की, नाकाच्या पोकळीतील एका दुर्मिळ कर्करोगाचे रुग्ण फर्निचर कामगारांत वारंवार दिसतात. १९६५ मध्ये रोनाल्ड मॅकबेथ यांनी आणि १९६८ मध्ये डोनल्ड अॅचेसन, हॅडफिल्ड व सहकाऱ्यांनी हा संबंध आकडेवारीने मांडला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत या कर्करोगाचे प्रमाण फर्निचर कामगारांत शेकडो पटींनी अधिक होते. १९६९ मध्ये ब्रिटनने त्याचा भरपाईयोग्य व्यवसायजन्य रोगांत समावेश केला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून पहिल्या गटात घातले. बीच व ओक यांसारख्या कठीण लाकडांचा पुरावा सर्वांत भक्कम होता. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा २०१७ च्या निर्देशाने दर घनमीटरला ३ मिलिग्रॅम, आणि जानेवारी २०२३ पासून २ मिलिग्रॅम करण्यात आली.

ब्रिटनच्या १९७४ च्या लाकूडकाम यंत्र नियमांनी अनेक यंत्रांना शोषक साधन सक्तीचे केले, परंतु थिकनेसर म्हणून आठवड्यातून सहा तासांपेक्षा अधिक न वापरल्या जाणाऱ्या यंत्राला सूट दिली. ही सूट एकट्या मालकाच्या कारखान्यासाठी समंजस आहे. सामायिक कार्यशाळेत मात्र ती अडचणीची ठरते. तेथे एक सुतार आठवड्यात सहा तासही यंत्र वापरत नाही, पण दहा सुतार मिळून ते सतत चालू ठेवतात. तास यंत्राचे मोजावयाचे की माणसाचे, असा प्रश्न तेथे उभा राहतो.

तंत्राचाही एक मुद्दा येथे नोंदवावा लागेल, कारण खर्चाच्या वाटणीशी त्याचा थेट संबंध आहे. नळातून लाकडाची धूळ वाहून नेण्यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर ठेवावा लागतो. तो कमी झाला तर भुसा नळातच साचतो. प्रत्येक यंत्राच्या फांदीनळाला एक सरकती झडप असते, आणि वापरात नसलेल्या यंत्राची झडप बंद ठेवणे अपेक्षित असते. सर्व झडपा उघड्या राहिल्या तर सर्वांचेच शोषण मंदावते. म्हणजे पंख्याची क्षमता, आणि म्हणून त्याची किंमत व विजेचे बिल, एकाच वेळी किती यंत्रे चालतील यावरून ठरते. एकूण यंत्रसंख्येवरून नव्हे. जो सुतार दिवसभर सँडर चालवतो आणि जो केवळ हातरंधा व पटाशी वापरतो, त्यांनी समान वर्गणी द्यावी का? फुप्फुसांच्या दृष्टीने पाहिले तर द्यावी, कारण दुसऱ्यालाही पहिल्याची धूळ मिळते. वापराच्या दृष्टीने पाहिले तर देऊ नये. शेफील्डमध्ये या वादाची दोन्ही टोके अनुभवास आली होती.

भारतीय कायद्यातील अपवाद

भारतातील कारखाने कायदे प्रारंभी मोठ्या गिरण्यांपुरतेच होते. १८८१ च्या कायद्याला १०० कामगारांची अट होती, १८९१ मध्ये ती ५० वर आली, १९२२ मध्ये २० वर. १९४८ च्या कायद्याने शक्तीचा वापर असेल तर १० आणि नसेल तर २० अशी मर्यादा घातली. याच कायद्याच्या १४ व्या कलमात धूळ व धूर यांविषयी स्पष्ट तरतूद होती. शोषक साधन आवश्यक असेल तर ते धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ बसवावे आणि तो उगम शक्य तितका बंदिस्त करावा, असे तीत म्हटले होते. शेफील्डच्या लाकडी पेटीचे तत्त्वच येथे कायद्याच्या भाषेत उतरले होते.

सामायिक जागेचा विचारही या कायद्याने केला होता, ९३ व्या कलमात. एखाद्या खोलीचे वा छपराचे भाग निरनिराळ्या व्यक्तींना स्वतंत्र कारखान्यांसाठी भाड्याने दिले असतील तर आरोग्यविषयक तिसऱ्या प्रकरणाच्या उल्लंघनाबद्दल जागेचा मालक जबाबदार राहील, असे त्यात सांगितले होते. मालकाच्या या जबाबदाऱ्यांपुरती कामगारांची मोजणी करताना सर्व जागा मिळून एकच कारखाना मानण्याची तरतूदही होती. परंतु तिसऱ्या प्रकरणाच्या उल्लेखापाठोपाठ एक अपवाद जोडलेला होता, कलम १४ व १५ वगळून. कलम १५ कृत्रिम आर्द्रतेविषयी, कलम १४ धुळीविषयी. स्वच्छता, प्रकाश, पिण्याचे पाणी, शौचालये यांसाठी मालक जबाबदार, आणि धुळीसाठी गाळेधारक स्वतः.

या अपवादामागे तर्क नव्हता असे म्हणता येत नाही. धूळ गाळेधारकाच्या प्रक्रियेतून निर्माण होते. आज जागेत सुतार असेल, उद्या रबर कापणारा येईल, मालकाने कोणत्या धुळीची तयारी ठेवावी? तथापि शौचालयाचा वापरही गाळेधारकच करतात, तरी ते मालकाने बांधावयाचे हे कायद्याला मान्य होते, कारण आठ गाळ्यांसाठी आठ शौचालये बांधणे अव्यवहार्य आहे. एका छपराखालील शोषक पंख्याची स्थिती याहून वेगळी नाही. ब्रिटिश कायद्याने १९०१ मध्ये पंखा आणि नळ यांच्यात जी रेषा आखली होती, ती १९४८ च्या कायद्याच्या मसुदाकारांना उपलब्ध होती. ती स्वीकारण्यात आली नाही. ज्या गाळेधारकाकडे दहाहून कमी माणसे असत त्याला धुळीचे कलम सहसा लागूच होत नसे, राज्य शासनाने कलम ८५ खालील विस्ताराधिकार वापरला असेल तरच. आठ गाळे व प्रत्येकी चार सुतार असतील तर ३२ माणसे एका हवेत काम करीत, परंतु त्या हवेचे दायित्व कायद्याच्या कोणत्याच घरात बसत नसे.

सूक्ष्म व लघू उद्योगांच्या समूहविकास कार्यक्रमाने पुढे दुसरा मार्ग उघडला. २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामायिक सुविधा केंद्राच्या प्रकल्पखर्चाचा ७० टक्के भाग केंद्र सरकार अनुदानरूपाने देऊ शकत होते, आणि उर्वरित भाग राज्य शासन व उद्योजकांनी स्थापन केलेली विशेष उद्देश कंपनी यांनी उचलावयाचा होता. अनुदान उभारणीसाठी होते. वीज, पिशव्या बदलणे, नळ साफ करणे, मोटर दुरुस्त करणे हा चालू खर्च वापरकर्त्यांच्या कंपनीकडे राहिला. येथे सभासदाने वर्गणी थकविली तर त्याचा पट्टा काढून नेण्याची सोय नाही, केवळ करारातील कलम असते.

१९४८ च्या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. 'कारखाना' या संज्ञेसाठी शक्तीसह २० व शक्तीविना ४० कामगार अशी मर्यादा तीत आहे. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला सर्वसाधारण कर्तव्ये लागू होतात. चार-चार सुतारांचे गाळे दोन्हीं मर्यादांच्या खालीच राहतात, आणि त्यांच्या छपरातील पंख्याविषयीची बोलणी पूर्वीप्रमाणेच गाळेधारक व मालक यांच्यातील भाडेपत्राच्या मसुद्यावर होत असतात.